शाळा मध्येच सुटलेल्या पालकांना विद्यापीठात प्रवेश कसा मिळतो?



एरवी आपण इथे मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलतो. आजचा विषय मुलांच्या आई-वडिलांच्या अभ्यासाचा आहे. तो कसा सुचला ते आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूकही आहे.

दिवाळीनंतरची पालकसभा संपली. सगळे गेले तरी पाचवीतल्या एका मुलीची आई व्हरांड्यात थांबली होती. मला वाटलं, मुलीच्या भागाकाराबद्दल विचारायचं असेल. तर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, नववीतून शाळा सुटलेल्या बाईला कॉलेज करता येतं का हो?"

मी लगेच म्हणाले, "येतं की ताई! मुक्त विद्यापीठ आहे ना. दहावी-बारावी नसली तरी चालतं. पूर्वतयारीचा कोर्स करायचा आणि बी.ए.ला प्रवेश घ्यायचा." त्यांचा चेहरा एकदम खुलला. मलाही बरं वाटलं. मी स्वतः डी.एड. झाल्यावर नोकरी करत मुक्त विद्यापीठातूनच बी.ए. केलेलं, त्यामुळे जरा अभिमानानेच सांगितलं.

आठ दिवसांनी मुलीला घ्यायला आल्या तेव्हा मी सहज विचारलं, "पदवी झाल्यावर काय करायचं ठरवलंय?" त्या म्हणाल्या, "आमच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघेल असं म्हणतात. तिथं अर्ज करायचाय."

मी कपाळाला हात लावला. अंगणवाडी सेविकेला आता बारावी पास असावं लागतं, मदतनीसालासुद्धा. वयाची अटही आहे, पस्तीसच्या आत. आणि मी सांगितलेला पूर्वतयारीचा कोर्स म्हणजे बारावी नव्हे! तो विद्यापीठाच्या आत नेतो, पण बारावीची गुणपत्रिका हातात देत नाही. ताईंचं वय एकोणतीस. माझं ऐकून त्यांनी साडेतीन-चार वर्षं घालवली असती आणि अर्ज भरताना बारावीच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडला असता. तोवर पस्तिशी जवळ आलेली.

म्हणून हा लेख. मोठ्या माणसाला विद्यापीठात जायचे रस्ते बरेच आहेत, पण सगळे एकाच ठिकाणी पोचत नाहीत. "प्रवेश मिळेल का?" याच्या आधी "शिकून पुढे काय करायचंय?" हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ, कारण आपण शिक्षकही ते एकमेकांच्या जागी वापरतो. एक 'दूरशिक्षण' आणि दुसरा 'मुक्त शिक्षण'. दूरशिक्षण म्हणजे वर्गात रोज बसायचं नाही, पुस्तकं घरी येतात. पण प्रवेशाच्या अटी नेहमीच्याच असू शकतात. मुक्त शिक्षण म्हणजे अटीच सैल केलेल्या: वय, खंड, आधीचं शिक्षण, किती वर्षांत पूर्ण करायचं, या सगळ्यांत सूट. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, ते दूरशिक्षण. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ पासूनची. जुन्या पिढीतले बरेच बँकवाले आणि रेल्वेवाले तिथूनच बी.कॉम. झालेत. मुक्त विद्यापीठाची कल्पना मात्र ब्रिटनमधली. तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. आधीची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट नाही आणि व्याख्यानं बीबीसीच्या टीव्ही-रेडिओवर! कामगार, गृहिणी, निवृत्त माणसं अशा सगळ्यांनी नावं घातली. आपल्याकडे आंध्र प्रदेशात १९८२ साली पहिलं मुक्त विद्यापीठ झालं, १९८५ ला दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपलं इग्नू, आणि जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे बोधवाक्य तुम्ही एसटी स्टँडजवळच्या एखाद्या कॉलेजच्या पाटीवर वाचलंच असेल.

आता ज्याचं शिक्षण दहावी-बारावीच्या आधीच सुटलंय त्याचं बघू, कारण आपल्या शाळांतल्या पालकांत हेच जास्त भेटतात.

पूर्वतयारी शिक्षणक्रमाची कल्पना मला अजूनही फार आवडते. अठरा वर्षं पूर्ण झालेली, लिहिता-वाचता येणारी व्यक्ती, मग शाळा कुठेही सुटलेली असो, साधारण सहा महिन्यांचा अभ्यास करते, परीक्षा देते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला पात्र होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने हा रस्ता कितीतरी वर्षं चालवला, इग्नूनेही तसाच कोर्स काढला. शेतकरी, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका या रस्त्याने पदवीधर झाल्या. 'बी.ए. झाले' म्हणताना त्यांच्या आवाजात जो ताठपणा येतो तो आपल्या रेग्युलर पदवीवाल्यांच्या आवाजात नसतो, हे मी पाहिलंय. पण दूरशिक्षणाचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत. म्हणून शेजारचा कोणी या मार्गाने शिकला एवढ्यावर जाऊ नका. त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि पूर्वतयारीला यंदा प्रवेश आहे का, त्यानंतर कोणत्या पदवीला जाता येतं, हे वाचा.

हा रस्ता कोणासाठी चांगला? ज्यांना शिकायचंय म्हणून शिकायचंय, ज्यांची नोकरी ठरलेली आहे, ज्यांना स्वतःचा व्यवसाय आहे, ज्यांना मुलांच्या बरोबरीने पदवीधर व्हायचंय, त्यांच्यासाठी उत्तम. पण जिथे जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' असं स्पष्ट लिहिलंय, किंवा दहावी, बारावी आणि मग पदवी अशा क्रमाने कागद मागतात, तिथे अडतं. पायरी चुकवल्याचा त्रास वरच्या मजल्यावरही होतो बरं का. एकेकाळी काही ठिकाणी पदवी नसताना थेट एम.ए.ला प्रवेश द्यायचे. असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ च्या निकालात अशी पदव्युत्तर पदवी टिकली नाही. तेव्हा 'डायरेक्ट एम.ए.' असं कोणी म्हणालं की सावध व्हा.

मग त्या ताईंसाठी काय? त्यांनी आधी दहावी आणि मग बारावी करायची. लांबचा रस्ता, पण त्यांना हव्या त्या गावाला जाणारा. त्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा 'सतरा नंबर'चा फॉर्म आहे. खाजगी विद्यार्थी म्हणून घरी अभ्यास करायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांबरोबर तीच परीक्षा द्यायची. गुणपत्रिका मंडळाचीच. फॉर्म ऑनलाइन भरतात आणि जवळची एक शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडतात. तारखा साधारण पावसाळ्यात जाहीर होतात. पुष्कळ लोक दिवाळीनंतर जागे होतात, तोवर विलंब शुल्क लागलेलं असतं किंवा मुदतच संपलेली असते. आणि एक महत्त्वाचं: दहावी झाल्यावर बारावीला सतरा नंबरने बसायचं तर मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणून वयाची अट असलेल्या माणसाने आधी कॅलेंडर मांडून बसावं. ताईंचं आम्ही मांडलं: तिसाव्या वर्षी दहावी, बत्तिसाव्या वर्षी बारावी. तीन वर्षं हातात उरतात. बसतंय गणित.

दुसरा पर्याय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. ज्यांना सहाही विषयांची एकदम धास्ती वाटते त्यांना हे मानवतं. सतरा नंबर घ्यावा की हे, यावर शिक्षकांत वाद होतात. माझं मत असं: मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि गावातच असलेल्या माणसाला सतरा नंबर सोयीचा, कारण पुस्तकं घरातली, मुलांचीच; शिकवणारे ओळखीचे; प्रश्नपत्रिका कशी असते हे गावात कोणीही सांगेल. बदलीच्या नोकरीवाल्याला, ड्रायव्हरला, मोसमी मजुरीवर जाणाऱ्याला एनआयओएस बरं. आणि ज्यांची शाळा चौथीतच सुटली त्यांच्यासाठी आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. तिथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा देता येतात. हे आपल्यापैकी अनेक शिक्षकांना ठाऊक नसतं.

ज्यांची बारावी झालीय आणि मग संसार किंवा पैशापायी कॉलेज राहिलं, त्यांचं काम सोपं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, मुंबई, शिवाजी अशा विद्यापीठांचे दूरशिक्षण विभाग, असे पर्याय आहेत. खंड किती वर्षांचा पडला याची अडचण नसते. बारावीला ४२ टक्के होते म्हणूनही कोणी परत पाठवत नाही.

शिकवतात कसं, हे पालक नेहमी विचारतात. मी माझंच सांगते. प्रवेश घेतल्यावर एक अभ्यासकेंद्र मिळतं, बहुधा तालुक्याचं एखादं कॉलेज. तिथे रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं होतात. शिकवणाऱ्याला तिथे 'समंत्रक' म्हणतात. पुस्तकं खास घरी एकट्याने वाचता यावीत अशी लिहिलेली असतात: छोटे घटक, मध्ये मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरं. मी पहिल्या वर्षी ते मधले प्रश्न सोडून पुढे पळायचे. वाटायचं, आपण शिक्षिका, आपल्याला कशाला हे? परीक्षेत कळलं कशाला ते. आणखी एक घोटाळा मीच केला. एका विषयाचा गृहपाठ लिहून तयार होता, पण शाळेच्या तपासणीच्या गडबडीत केंद्रावर द्यायचा राहिला. मुलांनी वही आणली नाही तर आपण ओरडतो, आणि आपणच! अंतर्गत गुण गेले ते गेलेच.

इग्नूतही असे स्वाध्याय असतात. बहुतेक शिक्षणक्रमांत त्यांना तीस टक्के आणि सत्रांत परीक्षेला सत्तर टक्के भार असतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, प्रवेश जानेवारी आणि जुलैमध्ये. बी.ए. कमीत कमी तीन वर्षांत होतं, पण सहा वर्षांपर्यंत पुरं करता येतं. या सवलतीचं मोल बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, ऊसतोडीचा हंगाम या सगळ्यांतून गेलेल्या माणसालाच कळतं. इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश' नावाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. प्रवेश घ्यायच्या आधी तिथून एक घटक उतरवून वाचून बघा. जमतंय का, भाषा झेपते का, ते पैसे भरण्याआधी कळतं. मराठीतून शिकायचं असेल तर मात्र नाशिकचं विद्यापीठ जवळचं. इग्नूत प्रामुख्याने हिंदी-इंग्रजी.

या पदवीला किंमत आहे का, हा प्रश्न मला दर वेळी येतो, बहुतेकदा घरातल्या पुरुषांकडून. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. आपल्याच खात्यात बघा ना, किती पदवीधर शिक्षक मुक्त विद्यापीठाचे आहेत. डी.एड. करून लागलेल्या शिक्षकाला दूरशिक्षणातून बी.एड.ही करता येतं, पण ते फक्त आधीच प्रशिक्षण घेतलेल्यांना. नुसती पदवी आहे आणि घरी बसून बी.एड. करायचंय, असं होत नाही. हे पालकांना स्पष्ट सांगा.

तसंच इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी, वकिली हे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून चालवायला परवानगी नाही. "घरबसल्या इंजिनिअरिंग" असं पत्रक हातात आलं तर तो कागद फार तर पेन चालतो का ते बघायला वापरा. आमच्या भागात एका एजंटाने "परीक्षेची काळजी करू नका, आम्ही बघतो" म्हणत दोन-तीन कुटुंबांकडून पैसे घेतले. पदवीचा कागद छान होता, शिक्का गोल होता, विद्यापीठ मात्र यादीत नव्हतं. यादी कुठे बघायची? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर. तिथे विद्यापीठाचं नाव, त्या वर्षाचं नाव आणि नेमका शिक्षणक्रम, तिन्ही जुळलं पाहिजे. विद्यापीठ खरं पण तो कोर्सच मान्य नाही, असंही असतं. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्याच विभागाचा 'डेब आयडी' आधी काढावा लागतो. जरा कटकट आहे, पण त्या आयडीच्या वेळी खरं-खोटं बऱ्यापैकी बाहेर येतं.

आता अशा पालकांबद्दल, ज्यांना पदवी वगैरे काही नको, फक्त एखादा विषय शिकायचाय. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील डाळिंब लावतात. त्यांना मी बी.ए. कशाला सांगू? मुक्त विद्यापीठात शेतीचे, फळबागेचे, भाजीपाल्याचे प्रमाणपत्र आणि पदविका शिक्षणक्रम आहेत. मुद्दाम शेतकऱ्यांसाठी काढलेले. विद्यापीठात पाऊल टाकायला तीन वर्षांचीच पदवी लागते, असं नाही.

आणि 'स्वयम्' आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेलं. आपण शिक्षकांनी दीक्षा ॲपवर निष्ठाची प्रशिक्षणं केली, साधारण तसंच, पण शिकवणारे देशभरातल्या विद्यापीठांचे आणि आयआयटीचे प्राध्यापक. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा, असे चार भाग असतात. नाव नोंदवायला पैसे नाहीत, बहुतेक कोर्सला शिक्षणाची अटही नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिची फी भरायची. बहुतांश कोर्स इंग्रजीत आणि काही हिंदीत, ही आपल्या पालकांसाठी मोठी अडचण. ज्यांचं इंग्रजी बेताचं आहे त्यांनी सुरुवातीला हिंदीतला एक कोर्स नुसता ऐकावा, परीक्षेचं नंतर बघावं.

स्वयम्‌चे पास झालेले कोर्स पदवीत धरता येतात, अर्थात तुमचं विद्यापीठ मानत असेल तर. इथे श्रेयांक हा शब्द येतो. श्रेयांक म्हणजे किती तासांचा अभ्यास झाला याचं माप. २०२१ पासून हे श्रेयांक साठवायची एक बँक आहे. आपण वर्षभर मुलांचे 'अपार' आयडी काढत बसलो होतो, आठवतंय ना? संमतीपत्रं गोळा करता करता जीव मेटाकुटीला आला होता. तो अपार या बँकेशीच जोडलेला आहे. मोठ्या माणसालाही खातं काढता येतं. एका वर्षाचे श्रेयांक जमा करून शिक्षण थांबवलं, पुढे पुन्हा आलात, तर तिथून पुढे, पण साधारण सात वर्षांच्या आत. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका, तीन झाली तर पदवी असं जे म्हटलंय, ते या हिशेबावर चालतं. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलेल्या बाईच्या हाती पूर्वी काहीच नसायचं. आता निदान एक कागद असेल.

कागदावरून आठवलं. या सगळ्यात खरी अडचण अभ्यासाची नसते, कागदांची असते, आणि तिथे आपण प्राथमिक शिक्षक प्रत्यक्ष मदत करू शकतो.

पहिला कागद शाळा सोडल्याचा दाखला. बायकांच्या बाबतीत तो माहेरच्या शाळेत असतो. वीस वर्षांत शाळेची इमारत बदललेली असते, पण जनरल रजिस्टर असतं. असायलाच हवं. कोणी बाई नावाची नोंद शोधत आली तर "उद्या या" म्हणू नका. ती दोन एसट्या बदलून आलेली असते, एका दिवसाची मजुरी बुडवून. मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत मिळते. सतरा नंबरला दुसऱ्या प्रतीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव. पूर्वी हे चालून जायचं. आता आयडी आधारशी जोडलेले असल्यामुळे यंत्र दोन्ही नावं जुळवायला जातं आणि अडतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्या. हे प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात होत नाही, दोन-तीन महिने आधी लागा.

तिसरी जन्मतारीख. आपल्या गावांत निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली का असतात, हे शिक्षकांना सांगायला नको. तेव्हाच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना वयाचा अंदाज घेऊन तारीख टाकली. तीच तारीख आता वयाच्या अटीला लागते. त्या ताईंची आई सांगते की पोरगी पोळ्याच्या आसपासची. म्हणजे कागदावर त्या दोन-तीन महिन्यांनी मोठ्या. पस्तिशीच्या अटीत दोन-तीन महिनेही जड जातात, म्हणून वय नेहमी दाखल्यावरून मोजा, आईच्या आठवणीवरून नको.

आता थोडं अभ्यासाबद्दल. मोठ्या माणसाला समजतं लवकर. व्याज, शेकडेवारी, पंचायत राज हे सगळं त्याने जगलेलं असतं. अडतं ते लिहिणं. वीस वर्षांत सही आणि दुकानाची यादी याशिवाय हाताने काही लिहिलेलं नसतं. तीन तासांच्या पेपरात पहिल्या तासातच बोटं आखडतात. ताईंना मी पहिल्या महिन्यात एकच काम दिलं: रोज एक पान शुद्धलेखन, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी पानाला चाळीस मिनिटं लागली. आता वीसच्या आत येतात. बसतात मुलीच्या शेजारीच, एकाच चटईवर. मुलगी त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घच्या चुका लाल पेनाने काढते. मी तिला सांगितलंय, लाल पेन नको, पेन्सिल वापर. पण तिला लालच आवडतं, आणि ताईंची तक्रार नाही.

शाळेने काय करावं? माझ्या मते फार काही नाही. पालकसभेच्या हजेरीपत्रकात 'आपलं शिक्षण किती, पुढे शिकायचंय का' असे दोन रकाने वाढवा. पण सगळ्यांसमोर विचारू नका. लाजेने खोटं सांगतात, दहावी नापास म्हणायच्या ऐवजी दहावी पास म्हणतात. आम्ही एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सतरा पालकांनी 'शिकायचंय' म्हटलं. त्यात तेरा आया होत्या. सगळ्यांचं होईल असं मला वाटत नाही. पाच-सहा जणांनी फॉर्म भरला तरी खूप.

ताईंचा दाखला माहेरच्या शाळेतून मिळाला. जन्मतारीख अर्थात १ जून. आता सतरा नंबरच्या तारखा जाहीर व्हायची वाट बघतोय. परवा त्यांनी विचारलं, "मॅडम, केंद्र आपल्या गावच्या हायस्कूलचं नको, तालुक्याचं घेता येईल का? इथं समद्या पोरी ओळखीच्या." मी म्हटलं, केंद्रांची यादी बघून आपण तालुक्याचं निवडू. एसटीची वेळ तेवढी आधी बघून ठेवावी लागेल, पेपर अकराला सुरू होतो.